आधी ठसा, मग मत

आमच्या मंडळाचे किस्से मुद्दाम कुणी जमवले नाहीत. घरात जुन्या चाव्या साठतात ना, कुठल्या कुलपाच्या ते आठवत नाही पण टाकवतही नाहीत, तसे ते साठत गेले. परवा माझ्या मेहुण्याने जेवताना विचारलं, "दर रविवारी त्या दाताच्या दवाखान्यात जमून तुम्ही करता तरी काय?" मी म्हटलं, "रोमन देव ओळखतो." त्याने माझ्या बायकोकडे असं काही बघितलं, जणू माझी तब्येत ठीक आहे ना, हे त्याला तिथल्या तिथे विचारायचं होतं!

तर सांगतो. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच. या नगरला चिकटून भिंगार आणि भिंगारच्या बाजारात डॉक्टर वैशाली कुलथे यांचा दाताचा दवाखाना. रविवारी पेशंट बंद. मग तिथे आम्ही चौघं जमतो. डॉक्टरीणबाई स्वतः. गायकवाड सर, जे तरुणपणी पाद्री व्हायला निघाले होते, ग्रीक शिकेपर्यंत टिकले आणि शेवटी हायस्कुलात इतिहासाचे मास्तर झाले. पारनेरचे आप्पा औटी, कांदा आणि ज्वारीवाले. आणि मी, शाळेत चित्रकला शिकवणारा.

आमचा विषय म्हणजे नखाएवढे दगड. बहुतेक तांबडा अकीक. त्यावर दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या राज्यात कुणीतरी एखादा देव, शिपाई, बोकड, नाहीतर नुसती मुंगी खोल कोरून ठेवलेली असते. असा दगड अंगठीत बसवायचा आणि मेणावर दाबून सही करायची, अशी त्या लोकांची पद्धत. हे दगड नगरला कसे? अहो, भिंगारला छावणी! छावणीत साहेब आले, साहेबांच्या बोटांत हौसेच्या जुन्या अंगठ्या आल्या. साहेब गेले, काही अंगठ्या राहिल्या. काही सोनाराकडे, काही मिशनमधल्या जुन्या घरांत, काही कुणाच्या आजीच्या डब्यात.

त्या डब्यांमधून निघालेले दगड आमच्याकडे येतात आणि दाताच्या खुर्चीवरच्या त्या मोठ्या दिव्याखाली बसतात. पुण्यात मोठी मोठी म्युझियम असतील, मान्य! पण रोमच्या देवांना खुर्चीत बसवून तपासणारं गाव महाराष्ट्रात एकच आहे, आणि ते आमचं आहे.

* * *

दवाखान्याच्या भिंतीवर, "रात्री झोपताना ब्रश करा" या पाटीच्या खाली दुसरी पाटी आहे. "आधी ठसा, मग मत." अक्षर माझं. पेशंटना वाटतं, हे कवळीबद्दल आहे.

या पाटीमागे एक शिपाई आहे. अगदी सुरुवातीची गोष्ट. तेव्हा सर आणि मी दोघेच होतो आणि डॉक्टरीणबाई फक्त जागा द्यायच्या. सरांकडे एक दगड आला होता. त्यावर भाला घेतलेला शिपाई, आणि भाला डाव्या हातात! सर दोन आठवडे बेचैन. मग त्यांनी शोध लावला, की रोमच्या फौजेत डावखुऱ्यांची वेगळी तुकडी असणार. मी त्या शिपायाचं हे एवढं मोठं चित्र काढलं. शाळेच्या हॉलमध्ये सरांचं व्याख्यान ठरलं.

आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दगड हातात घेतला आणि विचारलं, "सर, ह्याचा ठसा घेतला होता का?"

"ठसा कशाला? दिसतंय की सगळं."

बाई उठल्या. आत गेल्या, डब्यातून पोळीसाठी आणलेली कणीक आणली, दगडाला तेलाचं बोट लावलं आणि कणकेत दाबला. उचलून बघतो तर शिपाई उजव्या हातात भाला घेऊन छान उभा!

"आमच्यात साच्यात उजवीकडची दाढ डावीकडे दिसते," बाई म्हणाल्या. "म्हणून काय पेशंटची डावीकडची दाढ काढायची?"

सही उमटवायचा दगड तो! कोरणाऱ्याने उलटंच कोरायचं, म्हणजे मेणावर सुलटं उमटतं. रोमची अख्खी डावखुरी तुकडी त्या एका कणकेच्या गोळ्यात बरखास्त झाली. पण सरांचा मोठेपणा बघा. व्याख्यान त्यांनी रद्द केलं नाही. तो कणकेचा गोळा घेऊन स्टेजवर गेले आणि विषय बदलून बोलले, "मी काल कसा फसलो." टाळ्या काय पडल्या! त्या दिवसापासून कणीक आली, पाटी आली आणि बाई मेंबर झाल्या. आता ठसा घेतल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. अगदी बारीक काम असेल तर बाई दातांचं माप घ्यायचा गुलाबी मसाला काढतात, पण तो महाग, म्हणून तो फक्त देवांसाठी. शिपाई आणि बोकड कणकेवर भागवतात.

* * *

आप्पा औटी मेंबर झाले ते दाढेमुळे. ती दाढ काढायची होती आणि आप्पा काही केल्या रविवारशिवाय यायला तयार नव्हते, म्हणून बाईंनी त्यांना रविवारी बोलावलं. इंजेक्शन दिलं आणि जबडा बधिर व्हायची वाट बघत आप्पा खुर्चीत पडून होते. शेजारच्या ट्रेमध्ये सरांचा दगड आणि त्याचा ताजा ठसा.

आप्पांनी मान वळवली, बघितलं आणि अर्ध्या बधिर तोंडाने ओरडले, "शेळी हाय!"

सर खूश. "बरोबर! पण पुढचीच अर्धी बघताय तुम्ही. मागं काय आहे?"

आप्पा खुर्चीतून उठले, भिंग डोळ्याला लावलं. शेळीला मागे माशाचं शेपूट होतं! आप्पांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. इंजेक्शनचा परिणाम डोळ्यांवर होतो का, असा चेहरा. मग म्हणाले, "कोरनारा पिलेला हुता."

"अहो, ही रोमच्या पहिल्या बादशहाची खूण आहे," सर म्हणाले. "पुढून शेळी, मागून मासा. त्याची रास ती. आपण मकर म्हणतो ना, तीच."

आप्पा ताठ बसले. "माजी पन मकरच!"

"असं?"

"मंजी बादशाची आन् माजी रास एकच म्हना की!"

दाढ निघाली ती आप्पांना कळलीसुद्धा नाही. पुढच्या रविवारी मोटरसायकलवर कांद्याची पिशवी बांधून पारनेरहून हजर. तेव्हापासून त्यांनी एकही रविवार चुकवलेला नाही. दगड कुठलाही असो, आप्पांचं मत सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने! पुष्कळदा चुकतं. त्यांना त्याचं काही नाही. बादशहाच्या राशीचा माणूस.

* * *

एकदा सावेडीहून एक गृहस्थ आले. बोटात लालभडक खड्याची अंगठी, खड्यावर घोडा. "पणजोबांना साहेबानं खूश होऊन दिली. माणिक आहे." बोलताना हात मुद्दाम टेबलावर ठेवलेला.

ठसा घेतला. घोडा झकास उमटला. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांचं डोक्याला बांधायचं भिंग लावलं, दिवा खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी मान वर केली आणि पेशंटला सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या, "दगडाच्या पोटात गॅस झालाय."

"म्हणजे?"

"बुडबुडे आहेत आत. दगडात असे गोल बुडबुडे नसतात. ही काच आहे."

गृहस्थांचा चेहरा पडला. हात टेबलावरून खिशात गेला. म्हणाले, "म्हणजे साहेबानं पणजोबांना फसवलं. आणि आम्ही तीन पिढ्या मिरवतोय."

सर अंगठी फिरवून फिरवून बघत होते. काचेच्या कडेला एक पातळ पापुद्रा होता, तेलाच्या थेंबासारखा रंगीत. जुनी काच जमिनीत खूप खूप वर्षं पडून राहिली की तिला अशी कातडी येते. सर उठले, गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, रोममध्येही गरीब माणसं होती. त्यांना अकीक परवडायचा नाही, ती काचेची करून घ्यायची. तुमची अंगठी खोटी आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वीची खोटी आहे!"

गृहस्थ काय ताठ मानेने पायऱ्या उतरले म्हणून सांगू! हात पुन्हा खिशाबाहेर. ऐकतो, की आता ते लग्नकार्यात सांगतात, "आमची अंगठी ओरिजिनल डुप्लिकेट आहे."

* * *

आमची कीर्ती मुंबईपर्यंत गेली, तेव्हाची गोष्ट. एक बारीक मिशीवाले सद्गृहस्थ गाडीतून आले, मखमलीच्या डबीत दगड घेऊन. जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे. त्यांना आमचं मत नको होतं, फक्त होकार हवा होता. "फॉर्मॅलिटी आहे," असं दोनदा म्हणाले. दवाखाना बघून तर त्यांना हसूच आलं. थुंकायच्या बेसिनकडे बघून म्हणाले, "लॅब छान आहे तुमची."

डॉक्टरीणबाईंनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत दगड दिव्याखाली. देवीचं मुंडकं, सुरेख कोरलेलं, केस नि केस वेगळा. आम्ही तिघं तर हरखूनच गेलो. सर ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटायला लागले. आप्पा म्हणाले, "हिच्या नाकात नथ पायजे हुती."

चहा आला. बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी एक गंमत दाखवते." त्यांनी कपाटातून प्लास्टिकचा एक नकली दात काढला, मशीन सुरू केलं, ते गुर्र करणारं, ज्याच्या आवाजाने माणूस खुर्चीच्या हाताला घट्ट धरतो, आणि दातावर एक रेघ ओढली. मग दात आणि दगड दोन्ही शेजारी शेजारी भिंगाखाली ठेवले. रेघेची कड तशीच, तळ तसाच, चकाकी तशीच.

"जुना कारागीर धनुष्याच्या दोरीने बरमा फिरवून, तेलात भुकटी घालून हळूहळू घासायचा," बाई म्हणाल्या. "त्याची रेघ कुठे खोल, कुठे उथळ. शिवाय माणसाच्या बोटात राहून राहून कड झिजते. ही रेघ माझ्यासारख्याच मशीनची आहे. रोज वापरते."

मिशीवाले म्हणाले, "असं कसं म्हणता? याचं सर्टिफिकेट आहे."

"असेल. पण एका ठिकाणी जरा जास्त खोदलं गेलंय. फिलिंग करून देऊ का?"

चहा तसाच राहिला. आप्पांनी तो संपवला. मी तेव्हा जे हसलो, ते अजून आठवलं तरी हसू येतं, आणि खरं सांगतो, हसण्याबरोबर छातीही फुगते. मुंबईची डबी भिंगारात उघडी पडली!

* * *

सर आमची परीक्षाही घ्यायचे. त्यांच्याकडे प्लास्टरच्या ठशांचा एक ट्रे होता. परदेशातल्या प्रसिद्ध दगडांचे ठसे, त्यांनी कुठून कुठून मागवून जमवलेले. त्यांचा नियम एकच. "तोंड बघू नका. तोंडं सगळ्यांची सारखीच. देव ओळखायचा हातावरून. हातात काय आहे ते आधी बघा."

डॉक्टरीणबाई नेहमी पास. मी काठावर. आप्पांची तऱ्हाच वेगळी. एक ठसा समोर आला. उभी बाई, पायघोळ वस्त्र, केसांचा मागे अंबाडा. उजव्या हातात कणसं, डाव्या हातात ताट. आप्पा लगेच, "ही तर आमची सुमन!"

"कोण सुमन?"

"आमची मंडळी! शिवारातून आलीय. हातात कनसं हायेत, ताट घेऊन म्हनतीय, जेवायचं का न्हाई?"

आम्ही हसून हसून बेजार. सरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आप्पा, ही सेरेस. रोमन लोकांची धान्याची देवी. कणसं दिसली की सेरेस." आप्पा म्हणाले, "तुमी सेरेस म्हना. माज्या घरी हिला सुमन म्हनत्यात."

सरांनी त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले. तेवढी एकच परीक्षा आप्पा पास झाले.

* * *

सगळेच किस्से हसायचे नाहीत. मिशनमधल्या एका घरातून एक दगड आला होता. अंगावर जवळजवळ काही नाही, टोपीला पंख आणि हातात पैशांची थैली असलेला तरुण. आप्पांनी थैली बघितली आणि निकाल दिला, "हा मार्केट यार्डातला अडत्या हाय."

सर म्हणाले, "जवळ आलात. मर्क्युरी. व्यापाऱ्यांचा देव. आणि चोरांचासुद्धा."

"मग मी दुसरं काय म्हनलो?"

त्या दिवशी मसाला संपलेला, म्हणून ठसा कणकेवरच घेतला होता, आणि चहाला भजी होती. दगड अस्सल, काम उत्तम, सर खुशीत. त्यांनी घरच्यांना नाव सांगितलं, माहिती सांगितली. पुढच्या रविवारी आम्ही गुलाबी मसाल्याचा ठसा घ्यायला त्या घरी गेलो तर दगड घरात नव्हता. "एवढा मोलाचा आहे म्हणालात ना, मुंबईच्या पार्टीला दिला."

असं एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण ज्या ज्या दगडाचं खरं नाव आम्ही सांगितलं, तो नगर सोडून गेला. मुंबईला, पुण्याला, त्याच्याही पलीकडे. खोटे राहिले. परत येताना सर बाजारात मध्येच थांबले. मग म्हणाले, "आपण नाव सांगतो आणि दगड उठून जातो. आपण ओळखतो ते निरोप द्यायलाच की काय?"

तेव्हा मला कळलं, की सरांच्या मनात काय सलतंय. नेवाशाचं नाव निघालं की लोक हात जोडतात, आणि सर म्हणतात, "जोडा, मीही जोडतो. पण तिथं ग्रंथ लिहिला गेला त्याच्याही कितीतरी आधी प्रवरेच्या काठी रोमकडच्या मद्याच्या सुरया येत होत्या. त्यांचे तुकडे निघालेत उत्खननात. सुरई आली म्हणजे माणूस आला, माणूस आला म्हणजे त्याच्या बोटात अंगठी आली. मग तो दगड कुठाय? साहेबाबरोबर बोटीतून आला तो पाहुणा. मला आपल्या मातीतून निघालेला एक बघायचाय. एकच."

हे ते प्रत्येक रविवारी म्हणायचे. आम्ही मान हलवायचो. आप्पा तर ठेक्यात साथ द्यायचे, "घावंल की सर! माती कुटं पळून जातीय!"

* * *

आणि मग सर नगर सोडून निघाले. गुडघे ऐकेनात आणि नाशिकच्या मुलीने हट्ट धरला. सगळं आवरलं, प्लास्टरचा ट्रे त्यांनी डॉक्टरीणबाईंना दिला, भिंग मला दिलं. "तिकडं काय बघणार मी आता," म्हणाले. मला ते भिंग धरवेना. सर आयुष्यभर एका दगडाची वाट बघून रिकाम्या हाताने चालले होते, आणि आम्ही तिघं त्यांना काही देऊ शकत नव्हतो.

आप्पांनी जाहीर केलं, "सरांचं शेवटचं जेवान माज्याकडं, पारनेरला." बाईंच्या गाडीतून आम्ही गेलो. ज्वारी काढणीला आलेली, दोन्ही बाजूंना कणसं. घर साधं, पत्र्याचं, पुढे कांद्याची चाळ. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच आप्पांच्या घरी गेलो होतो, कारण आप्पाच दर रविवारी आमच्याकडे यायचे. सुमनवहिनींना बघितलं आणि मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. अंबाडा, हातात ताट! आम्ही दोघंही खाली बघून हसलो.

जेवण झालं. सरांनी वहिनींना हात जोडले. वहिनी म्हणाल्या, "जरा थांबा सर. तुमी आता लांब ऱ्हायला निघालात. तसंच कसं जाऊ देऊ?"

त्या आतल्या देव्हाऱ्यापाशी गेल्या. थोड्या वेळाने आल्या त्या विड्याच्या पानावर लिंबाएवढा हळदीचा ओला गोळा घेऊन. "आमच्यात घरातलं मानूस गाव सोडून ऱ्हायला निघालं की आईला हळदीत उमटवून बरूबर देत्यात. लेक सासरी निघाली की देतो. वाळली की पेटीत ठेवायची. तुमी घरातलेच. आमच्या ह्यांचा रविवार तुमच्यापाशीच ग्येला की!"

सरांनी पान दोन्ही हातांनी घेतलं. खाली बघितलं. मग माझ्याकडे नुसता हात पुढे केला आणि मी खिशातून भिंग काढून त्यांच्या हातात ठेवलं.

पिवळ्या हळदीत नखाएवढी एक बाई उभी होती. पायघोळ वस्त्र, त्याची चुणी नि चुणी उमटलेली. केसांचा मागे अंबाडा. डाव्या हातात ताट. आणि उजव्या हातात कणसं.

डॉक्टरीणबाईंचा हात पर्समधल्या गुलाबी मसाल्याकडे गेला आणि तिथेच थांबला. सरांनी भिंग बाजूला केलं, पुन्हा लावलं. मग अगदी हळू विचारलं, "वहिनी, हे कशानं उमटवलं?"

"आईनं. देव्हाऱ्यात हाय की! तांबडा खडा हाय. आमच्या आजेसासूबाईंच्या म्हायेरची, नेवाशाची. नदीकाठचं शेत नांगरताना घावली म्हनं त्यांच्या वाडवडलांना. हात धुवून या, दावते."

आम्ही आप्पांकडे वळलो. आप्पांचं तोंड उघडंच. दर रविवारी सगळ्यात मोठ्याने मत देणारे आप्पा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आप्पा! तुम्ही हे कधी बघितलंच नाही?"

"आईच्या पाया पडतो की रोज! पर ती कुंकवात बुडाल्याली आसती, टिकलीएवढी. आन् हळदीतली जानारालाच देत्यात." आप्पा देव्हाऱ्याकडे वळले. "आमच्या भैनींना दिली, आत्यांना दिली. मी कधी गाव सोडलंच न्हाई, मला कोन देनार?"

सरांनी हात धुतले. दुखऱ्या गुडघ्यांवर देव्हाऱ्यासमोर बसले. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा हा माणूस, पण बसले अगदी घरच्यासारखे. वहिनींनी कुंकू पुसून दगड त्यांच्या तळहातावर ठेवला. सरांनी तो खिडकीकडे धरला आणि तांबडा उजेड त्यांच्या बोटांवर पडला. कडा झिजलेल्या, रेघ कुठे खोल, कुठे उथळ. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसत नव्हते. मला त्या क्षणी आमच्या मंडळाचा, आप्पांच्या त्या पत्र्याच्या घराचा, या सगळ्या कोरड्या मुलखाचा असा अभिमान वाटला, की मलाही समोरचं नीट दिसेना.

मग सरांनी दगड परत वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो जागेवर ठेवला, त्याला कुंकू लावलं आणि सहज विचारलं, "हे सांगत असत्यात, सर सगळ्या द्येवांची खरी नावं वळखत्यात म्हून. मग सांगा की सर, आमची आई कोन हाय?"

आप्पा पुढे सरकले. ठसा झाला होता, आता मत.

सर भिंतीला धरून उठले. हळदीचं पान उचलून उपरण्यात नीट गुंडाळलं.

"तुम्ही हिला काय म्हणता, वहिनी?"

"आमी कनसाई म्हनतो."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "कणसाईच आहे."